मशीनच्या आधी वही

गेल्या अंकानंतर आलेल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आहे: नवीन काय घेऊ? कुणाला सीएनसी (प्रोग्रामवर आपोआप चालणारी) लेथ घ्यायची आहे, कुणाला सॉफ्टवेअर, कुणाला थ्रीडी प्रिंटर. मी १९७८ साली लोअर परळच्या एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये अ‍ॅप्रेंटिस टर्नर (लेथ चालवणारा) म्हणून लागलो. १९८२ च्या संपानंतर कुर्ल्यात आलो आणि पुढे तिथेच स्वतःचा गाळा टाकला. नवीन मशीनची ओढ काय असते ते मला ठाऊक आहे, आणि हप्त्याच्या तारखेची धाकधूकही. त्या दोन्ही आठवणी ठेवूनच उत्तरं लिहिली आहेत.

प्रश्न : मास्तर, नमस्कार. माझे मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून गाळा मी बघते. दोन जुन्या लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल. टर्नर एकच, बावन्न वर्षांचे, मिस्टरांच्या वेळेपासूनचे. मुख्य काम ईएन-८ पोलादाच्या बुशचं (पोकळ नळकांड्याचं). बाहेरून ४० मिलिमीटर, बोअर (आतलं भोक) २५ एच-७, महिन्याला १,२०० नग, नगाला २८ रुपये मजुरी, मटेरियल कंपनीचं. एका नगाला सात मिनिटं जातात आणि शंभरात आठ-दहा नग बोअरला रिजेक्ट होतात. एक सेल्समन साडेसोळा लाखांच्या सीएनसी लेथचं कोटेशन देऊन गेला. म्हणतो, दोन मिनिटांत नग पडेल, रिजेक्शन राहणार नाही. बँक बारा लाख देते आहे, ११ टक्के व्याजाने, पाच वर्षांसाठी. घेऊ का? – एक वाचक भगिनी, भांडुप

उत्तर : ताई, तुम्ही आकडे दिलेत म्हणून नेमकं बोलता येतं. पत्र घेऊन बसलो आणि आधी हप्ता काढला. बारा लाखांना ११ टक्क्यांनी पाच वर्षं म्हणजे महिन्याला साधारण २६,१०० रुपये. तुमची बुशची मजुरी महिन्याला ३३,६००. म्हणजे नगामागच्या २८ रुपयांतले पावणेबावीस हप्त्यालाच जातात. उरलेल्या सव्वासहा रुपयांत टर्नरचा पगार, वीज, इन्सर्ट (टूलचं बदलायचं पातं), कूलंट, गाळ्याचं भाडं. हे जमणार नाही.

सेल्समन खोटं बोलला असं मी म्हणत नाही. दोन मिनिटांत नग पडेलही. पण मग १,२०० नग ४० तासांत संपतील. आठ तासांच्या पाळीने महिन्याला सव्वीस दिवस धरले तर २०८ तास होतात. उरलेले १६८ तास ती मशीन काय करणार, हे कोटेशनवर लिहिलेलं नसतं. चाळीस तास काम असेल तर हप्ता तासाला साडेसहाशे रुपये पडतो. १२० तास भरले तर तोच सव्वादोनशेच्या आत येतो. मशीन तीच आणि बँकही तीच, फरक फक्त हातातल्या कामाचा.

आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. साडेसोळा लाखांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे जवळपास तीन लाख. तो वळता करून घेता येतो हे खरं, पण तुमच्या विक्रीवर जेवढा कर बसतो तेवढाच दर महिन्याला वळता होतो. तुमच्या उलाढालीला ते पैसे सुटायला कित्येक महिने जातील, भरायचे मात्र आधी. त्यात बँक देणार नाही ते साडेचार लाख, स्टॅबिलायझर, टूल होल्डर, बोअरिंग बार, वेगळं अर्थिंग हे सगळं मिळवा.

आता रिजेक्शन. मला खरी काळजी याची वाटली, कारण हे नवीन मशीन न घेताही थांबू शकतं. २५ एच-७ म्हणजे बोअर २५.००० च्या खाली नको आणि २५.०२१ च्या वर नको. एकवीस मायक्रॉनची जागा, आणि हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर. तुमचे टर्नर हे कशाने मोजतात? व्हर्नियरने मोजत असतील तर दोष त्यांच्या हाताचा नाही, व्हर्नियर या कामाचं नाहीच. २५ एच-७ चा गो-नो-गो प्लग गेज घ्या, ज्याचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. नागदेवी स्ट्रीटला मिळतो, कॅलिब्रेशनचा दाखला मागून घ्या. मग टेलस्टॉक (जॉब धरणाऱ्या चकच्या समोरचा भाग) तपासा. दोन सेंटरमध्ये मँड्रेल (नेमका गोल, सरळ दांडा) धरायचा, कॅरेजवर डायल लावायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. जुन्या लेथचा टेलस्टॉक झिजून खाली बसलेला असतो किंवा बाजूला सरकलेला. त्यात धरलेला रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं टूल) तोंडाशी बोअर मोठा करतो. टेलस्टॉक सरळ करा आणि रीमर फ्लोटिंग होल्डरमध्ये धरा. रिजेक्ट होणाऱ्यांपैकी निम्मे नग जरी वाचले तरी ते पैसे याच महिन्यापासून तुमचे.

सात मिनिटांचं म्हणाल तर टर्नर कुठलं टूल वापरतात ते पत्रात नाही. एचएसएसचं (हायस्पीड स्टीलचं) बिट घासून वापरत असतील तर कटिंग स्पीड मिनिटाला तीस मीटरच्या आसपास, म्हणजे ४० व्यासाला २४० आरपीएम. कार्बाइड इन्सर्टला दीडशे मीटर सहज चालतं, पण त्याला बाराशे आरपीएम लागतात. तुमच्या लेथचा सगळ्यात वरचा स्पीड किती, ते गिअर चार्टवर बघा. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावून तो वाढवू नका, निदान झाकण उघडून हेडस्टॉकमध्ये बेअरिंग आहे की गनमेटलचा बुश आहे हे बघितल्याशिवाय नाही. बुश असेल तर जास्त स्पीडला तो जाम होईल. आणि चक आट्यांवर बसवलेला असेल तर व्हीएफडीचा झटक्याने ब्रेक कधीच लावायचा नाही. स्पिंडल थांबतो, चक थांबत नाही, आट्यांवरून सुटून बाहेर येतो. मी तो पडलेला बघितला आहे, जिथे पडला तिथली लादी फुटली होती.

मिलिंगला डीआरओ (टेबलाची जागा आकड्यांत दाखवणारी पट्टी-स्क्रीन) जरूर लावा. पाच मायक्रॉनच्या स्केलचा पुरतो. हँडलचा प्ले (ढिलाई) मोजत बसायला नको, टेबल खरोखर जेवढं सरकलं तेवढंच तो दाखवतो. फक्त एक ध्यानात असू द्या. डीआरओ स्लाइडची जागा सांगतो, बेडची झीज सांगत नाही.

आणि एक वही घाला. सहा आठवडे. दर तासाला टर्नरने तीनच गोष्टी लिहायच्या: चिप पडत होती का (म्हणजे धातू कापला जात होता का), जॉब चढवणं-उतरवणं-मोजणं चाललं होतं, की थांबलो होतो आणि कशासाठी. २००६ साली पहिली सीएनसी घ्यायच्या आधी मी ही वही ठेवली होती. आठ तासांत चिप पडायची ती तीन तासांपेक्षा कमी. बाकीचा दिवस टूल घासण्यात, चार जॉ चकवर डायल लावण्यात आणि ड्रॉइंगवरची शंका विचारायला फोन करण्यात जायचा. माझी सीएनसी त्यामुळे वर्षभर पुढे गेली. त्या वर्षाचा मला पस्तावा नाही.

दरम्यान एका महिन्याचे बुश शेजारच्या सीएनसीवाल्याकडून जॉबवर करून घ्या. खरा सायकल टाइम कळेल, खरा भाव कळेल आणि तुमच्या टर्नरचे १४० तास मोकळे होतील. त्या तासांत रिपेअरची कामं घ्या. शाफ्ट भरून टर्न करणं, कीवे, एकेका नगाचे गिअर ब्लँक. अशा कामाला माणूस मिळत नाही म्हणून गिऱ्हाईक वणवण फिरतं आणि भावही बरा देतं. वहीत १२० तासांचं सीएनसीचं काम लिहिलेलं दिसलं की मला पुन्हा पत्र टाका. तेव्हा मशीन निवडायला मी स्वतः तुमच्याबरोबर येईन.

प्रश्न : काका, बाबांच्या गाळ्यात एक जुनी सीएनसी लेथ आणि एक नवी व्हीएमसी (उभी सीएनसी मिलिंग मशीन) आहे. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून यंदा गाळ्यात बसलो. मित्राने क्रॅक केलेलं कॅम सॉफ्टवेअर (ड्रॉइंगवरून मशीनचा प्रोग्राम बनवणारं) दिलंय. दुसरा म्हणतो, फ्युजन फुकट मिळतं ते वापर. मी मोबाईलवर एआयला विचारून प्रोग्राम लिहून बघितला. व्हीएमसीवर चालला, लेथवर मात्र जी ७६ च्या ओळीवर अलार्म आला. काय चुकलं? – एक तरुण वाचक, मुलुंड

उत्तर : अलार्म आला हे तुझं नशीब. लेथवर जी ७६ ही आटे पाडायची सायकल आहे, व्हीएमसीवर तोच जी ७६ म्हणजे फाइन बोअरिंग. जी ७३ चंही तसंच, लेथवर पॅटर्न रिपीट आणि मिलिंगला चिप तोडत ड्रिल करणं. एआयने बहुधा मिलिंगची ओळ लिहून दिली, तीत वाय असणार आणि तुझ्या लेथला वाय अक्षच नाही. म्हणून मशीन थांबली. ओळीत वाय नसता तर काय झालं असतं, याचा विचार कर.

मी एआयच्या विरोधात नाही. माझी मुलगी आता गाळा चालवते, ती अलार्मचा अर्थ विचारायला, मॅक्रोचा कच्चा आराखडा काढायला ते वापरते. पण ज्याला तुझा चक किती बाहेर आलाय, टरेटवर (टूल बसवायच्या फिरत्या चक्रावर) शेजारच्या स्टेशनला लांब ड्रिल आहे का, हे दिसत नाही, त्याने लिहिलेली प्रत्येक ओळ तू वाचलीच पाहिजेस. दशांश चिन्ह बघ. बऱ्याच जुन्या कंट्रोलवर एक्स १० असं बिंदूशिवाय लिहिलं तर ते दहा मिलिमीटर नसतात, दहा मायक्रॉन असतात. पहिल्यांदा चालवताना झेडचा ऑफसेट शंभर मिलिमीटर बाहेर घे, सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) लाव, रॅपिड (हवेतली जलद चाल) २५ टक्क्यांवर आण आणि स्क्रीनवर डिस्टन्स-टू-गो उघडा ठेव. टूल जॉबपासून पाच मिलिमीटरवर दिसतंय आणि स्क्रीन म्हणते अजून चाळीस जायचंय, तर फीड होल्ड दाब. हात त्या बटणावरच हवा, खिशात नको.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आजच काढून टाक. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती वापरणाऱ्याला कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. गाळा बाबांच्या नावावर आहे, नोटीस त्यांच्या नावाने येईल. शिवाय त्या क्रॅकबरोबर काय काय कॉम्प्युटरमध्ये शिरलं ते कुणी तपासलेलं नसतं, आणि गिऱ्हाइकाची ड्रॉइंगं त्याच कॉम्प्युटरमध्ये असतात.

फ्युजनचा फुकटचा परवाना शिकण्यासाठी आणि छंदासाठी आहे, धंद्यासाठी नाही. एका वेळी दहाच फाइलींवर काम करता येतं आणि त्यातून निघणाऱ्या प्रोग्राममध्ये रॅपिड नसतं, रिकामं टूलसुद्धा फीडने (कापायच्या हळू चालीने) सरकतं. शिकायला वापर, गिऱ्हाइकाच्या जॉबला नको. फ्रीकॅड मात्र खरोखर मोफत आहे, धंद्यालाही चालतं. त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि त्यात कॅमचा भागही आहे. अडीच अक्षांच्या कामाला, म्हणजे पॉकेट, प्रोफाइल, ड्रिलिंगला, पुरतं. पोस्टप्रोसेसर (कॅमचं काम कंट्रोलच्या भाषेत उतरवणारा भाग) तुझ्या कंट्रोलशी जुळतो का ते आधी फोमच्या ठोकळ्यावर बघ. आणि लेथसाठी निदान सहा महिने कॅम वापरू नकोस. टर्निंगचे बहुतेक जॉब जी ७१ (रफिंग), जी ७० (फिनिशिंग), जी ७६ यांत हाताने लिहून होतात. हाताने लिहिलेला प्रोग्राम अडला तर रात्री दोन वाजताही तुला दुरुस्त करता येईल.

प्रश्न : साकीनाक्याला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर गाळा आहे. व्हीएमसी वर चढवता येईल का? लिफ्ट दोन टनांची आहे. – एक वाचक, साकीनाका

उत्तर : मध्यम आकाराची व्हीएमसी साडेचार-पाच टनांची असते आणि ते वजन पाच-सहा पायांवर उभं राहतं. लिफ्टचा प्रश्न नंतरचा, क्रेनने खिडकीतून घेता येईल. प्रश्न स्लॅबचा आहे. इस्टेटच्या सोसायटीकडून आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या, तोंडी नको. आणि जमिनीवर नीट उभी राहणारी मशीन स्लॅबवर शेजारच्या प्रेसच्या धक्क्याने थरथरते, ती थरथर जॉबच्या फिनिशला उतरते.

तळमजल्याचा गाळा घ्या असं मात्र डोळे मिटून सांगत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी आमच्या गाळ्यात आली. लेथ धुवून-पुसून, तेल घालून महिन्याभरात चालू झाल्या. मोटारी आणि पॅनल गेले ते गेलेच. त्यानंतर माझ्याकडे स्टॅबिलायझर, कॉम्प्रेसरचा स्टार्टर, कॉम्प्युटर यांतलं काहीही जमिनीवर राहिलेलं नाही, सगळं भिंतीवर चार फुटांच्या वर आहे. तळमजल्यावर मशीन बसवणाऱ्याने आधी त्या गल्लीतल्या जुन्या माणसाला पाणी कुठवर आलं होतं ते विचारावं आणि भिंतीवर खडूने रेघ मारावी.

प्रश्न : अंधेरी एमआयडीसीत आमचं शॉप आहे. अ‍ॅल्युमिनियमचा एक पार्ट, लांबी १५० अधिक-उणे ०.०२. आमच्या मायक्रोमीटरवर बरोबर १५०.००, गिऱ्हाइकाच्या सीएमएमवर (मापं घेणाऱ्या मशीनवर) १४९.९७. मे महिन्यात दोन लॉट परत आले, जानेवारीत एकही नाही. मायक्रोमीटर कॅलिब्रेट करून घेतला, ठीक आहे. आता ते म्हणतात तुम्हीही सीएमएम घ्या. – एक वाचक, अंधेरी

उत्तर : सीएमएम घेऊ नका. जानेवारी आणि मे हे शब्द तुम्ही पत्रात लिहिलेत, उत्तर तिथेच आहे.

जगभर माप मोजायचं तापमान २० अंश ठरलेलं आहे. गिऱ्हाइकाची मोजायची खोली वीस अंशांवर असते. तुमचं शॉप मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली पस्तिसावर. फरक पंधरा अंशांचा. अ‍ॅल्युमिनियम एका मीटरला एका अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद साडेअकरा. १५० मिलिमीटरचा तुमचा पार्ट पंधरा अंशांत ५२ मायक्रॉन वाढतो. मायक्रोमीटर पोलादाचा, तोही त्याच गरमीत २६ मायक्रॉन वाढलेला. म्हणून तुम्हाला अर्धीच चूक होते, २६ मायक्रॉनची. तुमच्याकडचा १५०.००० तिकडे १४९.९७४ होतो. पत्रातला आकडा आणि हा आकडा ताडून बघा. पोलादाचा पार्ट असता तर दोघं बरोबर वाढले असते आणि तुम्हाला हे कधी कळलंच नसतं.

उपाय स्वस्त आहे. याच अ‍ॅल्युमिनियमच्या बारमधून एक मास्टर बनवा आणि वीस अंशांवर त्याचं खरं माप काढून आणा. चुनाभट्टीला आयडेमी ही केंद्र सरकारच्या एमएसएमई मंत्रालयाची संस्था आहे, तिथे कॅलिब्रेशन होतं. तो मास्टर आणि तुमचे पार्ट एकाच सरफेस प्लेटवर दोन तास शेजारी ठेवा आणि डायल मास्टरवर शून्य करून पार्टशी तुलना करा. दोघं एकाच धातूचे, एकाच गरमीत, त्यामुळे बाहेर कितीही उकडत असलं तरी फरक खरा येतो. मशीनवरून काढलेला गरम पार्ट लगेच मोजायचा नाही, आणि मास्टर हातात धरून गप्पा मारायच्या नाहीत. तुमच्या क्वालिटीच्या माणसाला हा हिशोब कागदावर लिहून गिऱ्हाइकाकडे न्यायला सांगा. चांगला इन्स्पेक्टर असेल तर तो एका मिनिटात समजेल.

प्रश्न : गणपतीला सगळे कामगार कोकणात गेले, शॉप दहा दिवस बंद. परत येऊन सीएनसी चालू केली तर स्क्रीनवर अलार्मच अलार्म. सर्व्हिसवाला म्हणतो पॅरामीटर उडाले. मशीन पंधरा वर्षं जुनी आहे. – एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : तुमच्या कंट्रोलमधले पॅरामीटर (मशीनची मूळ सेटिंग्ज), ऑफसेट, प्रोग्राम हे सगळं एका छोट्या बॅटरीच्या जोरावर टिकून असतं. मशीन चालू असताना बॅटरीवर भार नसतो, मेन स्विच बंद झाला की ती एकटीच सांभाळते. म्हणून बॅटरी नेहमी मोठ्या सुट्टीत मरते. त्याआधी काही आठवडे स्क्रीनच्या कोपऱ्यात बॅटरीची खूण लुकलुकत असते, आणि ऑपरेटरला वाटतं ती तशीच असते.

आता करायचं ते असं. पॅनलचं दार उघडा, आतल्या बाजूला किंवा खणात पॅरामीटरचा छापील कागद असतो का बघा. नसेल तर मशीनचा सीरियल नंबर घेऊन बनवणाऱ्या कंपनीला कळवा, मशीन पाठवतानाच्या डेटाची प्रत त्यांच्याकडे असू शकते. तोवर कुणाला अंदाजाने पॅरामीटर भरू देऊ नका.

माझ्याकडे हे घडलं ते बॅटरी मेल्यामुळे नाही. वर्षाच्या देखभालीला आलेल्या एका तंत्रज्ञाने मेन बंद करून बॅटरी काढली आणि नवीन आणायला खाली दुकानात गेला. बाकीचं सगळं चार दिवसांत परत भरलं, पिच एररची (मशीनच्या स्क्रूच्या चालीतल्या चुकीची) भरपाई मात्र मिळाली नाही. लांब स्क्रूवर आटे पुढे पुढे सरकायचे आणि महिनाभर कारण सापडेना. तेव्हापासून नियम आहे: बॅटरी मशीन चालू ठेवून, इमर्जन्सी दाबून बदलायची, नवीन हातात असल्याशिवाय जुनीला हात लावायचा नाही. सर्वो ड्राइव्हजवळ एन्कोडरची (अक्षाची जागा ओळखणाऱ्या भागाची) वेगळी बॅटरी असेल तर तीही तशीच. दर गणपतीच्या आधीच्या शनिवारी आम्ही दोन्ही बदलतो. पॅरामीटर, पीएमसी (मशीनचं अंतर्गत लॉजिक), पिच एरर, मॅक्रो, ऑफसेट, प्रोग्राम सगळं कार्डावर उतरवून घेतो. एक प्रत गाळ्यात, एक मुलीच्या घरी. पुढच्या वर्षी कोकणची तिकिटं काढाल त्याच दिवशी बॅटरीही आणून ठेवा.

प्रश्न : थ्रीडी प्रिंटरवर फिक्स्चर (जॉब धरायची चौकट) छापलं तर चालतं का? – एक वाचक, गोरेगाव

उत्तर : ड्रिल जिगला, जॉब बसवायच्या नेस्टला, मोजायच्या स्टँडला उत्तम चालतं, फक्त ड्रिल जिथून जातं तिथे हार्डन केलेला बुश दाबून बसवा. मिलिंगचा जोर घेणाऱ्या क्लॅम्पिंगला नको. पीएलए (प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, मे महिन्यात पत्र्याच्या उन्हात ठेवलेला जिग वाकून बसेल, म्हणून पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक वापरा. आणि मुंबईच्या पावसाळ्यात फिलामेंट हवेतलं पाणी शोषतं. सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर छपाईत फुटके बुडबुडे येतात.

प्रश्न : माझं वय सत्तावन्न. बत्तीस वर्षं लेथवर आहे. मालकांनी सीएनसी आणली, त्यावर पोरगा ठेवला. मला विचारलंही नाही. मला आता हे शिकता येईल का? इंग्रजी फारसं येत नाही. – एक टर्नर, कुर्ला

उत्तर : दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. येईल. आणि तुम्हाला त्या पोरापेक्षा लवकर येईल, कारण अवघड अर्धं तुम्हाला आधीच येतं. चिप निळी पडली की पांढरी, टूल किंचाळतंय की दमदार चावतंय, बारीक शाफ्ट किती बाहेर धरला की थरथरतो, हे त्याला अजून दहा वर्षं लागतील. उरलेलं अर्धं म्हणजे वीस-पंचवीस कोड. इंग्रजी नाही, आकडे आहेत.

एक्स म्हणजे तुमची क्रॉस स्लाइड, आणि आकडा व्यासाचा. झेड म्हणजे कॅरेज, चककडे उणे. जी ०० म्हणजे हवेत पटकन जा, जी ०१ म्हणजे कापत जा. एम ०३ ला स्पिंडल फिरतो, एम ०८ ला कूलंट येतं. जी ९६ लावलं की व्यास कमी होईल तसा स्पीड आपोआप वाढतो, तुम्ही लिव्हर बदलून जे करत आलात तेच. फेस करताना टूल मध्याकडे गेलं की स्पीड भलताच चढेल, म्हणून आधी जी ५० ने कमाल आरपीएम बांधून घ्यायचा. मालकांशी मी बोलायला तयार आहे. माझ्या गाळ्यात जॉब थरथरू लागला की मुलगी अजून आमच्या जुन्या टर्नरला हाक मारते, आणि ते सांगतील तो फीड प्रोग्राममध्ये घालते.

वहीत पहिला प्रोग्राम हाताने लिहा. ४० व्यासाच्या बारचं फेसिंग. टूल ४४ व्यासावर उभं करा, झेड शून्य, फीड ०.१५, आणि आत जा. इन्सर्टच्या नाकाची त्रिज्या ०.८ आहे. एक्स शून्यावर थांबलात तर मध्ये बारीक टोक उरेल, म्हणून एक्स उणे १.६ पर्यंत जायचं. उणे १.६ च का, ते वहीच्या पानावर नाकाचं गोल काढून बघा, आणि ते पान मला पाठवा.